रानातली वस्तू दिवाणखान्यात

टेटूच्या शेंगेइतकी देखणी वस्तू आपल्या रानात दुसरी नाही, असं माझं मत आहे. हातभर लांब, तलवारीसारखी, वाळली की काळपट. मातीच्या रांजणात चार उभ्या केल्या की कोपरा भरतो. मात्र शेंग उकललेलीच उचलावी आणि आतल्या बिया झाडाखालीच झटकाव्यात. आमच्याकडे एक शेंग पंख्याखाली उकलली, तर तिच्या पापुद्र्यासारख्या पंखांच्या बिया पार देवघरापर्यंत पोचल्या. शिवाय टेटू दशमुळांतला, मुळांसाठी खणला जाणारा. त्याचं बी रानात राहिलेलंच बरं.

बिया केरसुणीने गोळा होतात. बांबूचं तसं नाही. मुळशीकडून आणलेल्या ओल्या बांबूच्या पेरांचे मी आकाशदिवे केले होते. दिवाळी सरली आणि फडताळावर पिठासारखा पिवळट भुगा दिसू लागला. संध्याकाळी पुसावा, सकाळी पुन्हा हजर. बांबूतल्या पिठूळ अंशावर भुंगेऱ्याच्या अळ्या पोसतात. बाहेरून टाचणीएवढी भोकं, आतून सगळा पोकळ. मला कळेपर्यंत शेजारची वेताची टोपलीही गेली. अशा वेळी वार्निशचा हात फिरवून काही साधत नाही, कीड आतच राहते. जाणती माणसं तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवतात, मग सावलीत वाळवतात, ते उगाच नाही. फळं, साली, शेंगा अशा लहान वस्तू वाळवून, पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. घरचे कुरकुरतात. कुरकुरू द्यावं.

भीमाशंकर, ताम्हिणी अशा अभयारण्यांतून मात्र परवान्याशिवाय काहीच उचलायचं नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यात प्राण्यांची शिंगं तर येतातच, घरटीही येतात. सांबराचं गळून पडलेलं शिंग ‘आपसूक मिळालं’ म्हणून भिंतीवर टांगणारे महाभाग मी पाहिलेत. अटक झाल्यावर ही सबब चालत नाही.

गुंजांबद्दल मी हट्टी आहे. एके काळी सोनार ज्यांनी सोनं तोलत, शहाण्णव गुंजांचा तोळा, त्या लालभडक बिया तोरणात फार खुलतात. पण आत ॲब्रिन नावाचं जहाल विष असतं. अखंड बी गिळली गेली तर कठीण कवचामुळे ती बऱ्याचदा तशीच बाहेर पडते; चावली किंवा भोक पाडलेली असली तर जिवावर बेतू शकतं. आणि तोरण करायचं म्हणजे भोक पाडणं आलंच. रांगतं मूल असलेल्या घरात गुंजा नकोतच. कुणी गिळल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

कुयलीने मला एका बाईंमुळे सोडलं. सोनेरी मखमलीची, किंचित वाकडी शेंग. हात पुढे गेलाच होता. मागून मोळी घेऊन येणाऱ्या त्या ओरडल्या, “ताई, हात नका लावू, कुयली हाय ती!” माझ्याबरोबरच्या मैत्रिणीने तोवर घोस ओढला होता. ती मखमल म्हणजे बारीक खाजरी लव, वाऱ्यानेही उडते. खाजवलं की आणखी पसरते. चिकटपट्टी दाबून ओढली की बरीचशी निघते, मग भरपूर पाण्याने धुवावं. डोळ्यांना हात लावू नये, आणि अंगावरचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत.