वाचकांची मोजदाद : नवे माप, जुना हिशेब

ग्रंथालयाच्या दाराशी टेबलावर एक जाडजूड नोंदवही असते. आत येणाऱ्याने नाव, वर्ग आणि वेळ लिहून सही करावयाची, हा आपल्या सर्वांच्या परिचयाचा शिरस्ता. वर्षअखेरीस याच वहीवरून ग्रंथालयाचा लाभ घेणाऱ्यांची संख्या काढली जाते आणि ती अहवालात छापली जाते. परंतु एखादा विद्यार्थी दहाला आला, अकराला चहाला गेला आणि साडेअकराला परत येऊन पुन्हा सही करून बसला, तर तो एक धरावयाचा की दोन? आणि जो सही करून, पंख्याखाली पाच मिनिटे बसून, पुस्तकाला हातही न लावता निघून गेला, त्याने लाभ घेतला असे म्हणावयाचे काय? (पंख्याचा घेतला, हे निर्विवाद.) या प्रश्नांची उत्तरे वहीत नसतात. ती मोजणाऱ्याने आधीच ठरवलेली असतात, आणि आकडा वाचणाऱ्याला बहुधा ती ठाऊक नसतात.

गेल्या वर्षी आमच्या विभागाच्या संकेतस्थळाची देखभाल माझ्याकडे आली तेव्हा हाच प्रश्न निराळ्या वेषात समोर उभा राहिला. संकेतस्थळावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ मोजण्यासाठी जी साधने आहेत, त्यांतील बहुपरिचित म्हणजे 'गूगल अ‍ॅनालिटिक्स'. या साधनाचे रूप आजवर अनेकदा बदलले. अशा बदललेल्या साधनाला त्याच्या जुन्या उपयोग करणाऱ्यांच्या हाती देताना काय घडते, कोठे निभावते आणि कोठे बिनसते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेले असते त्याला सर्व्हर म्हणतात. कोणी एखादे पान मागितले, की सर्व्हर आपल्या वहीत एक ओळ लिहितो : मागणी कोणत्या पत्त्यावरून आली, केव्हा आली, काय मागितले, ते देता आले की नाही. १९९० नंतरच्या दशकात या ओळी वाचून त्यांचे तक्ते करून देणाऱ्या आज्ञावली निघाल्या. केंब्रिजच्या स्टीफन टर्नर यांची १९९५ मधील 'अ‍ॅनालॉग' ही त्यांपैकी एक. त्या काळी 'आमच्या स्थळाला इतके हिट मिळाले' अशी जाहिरात करण्याची मोठी हौस असे. वस्तुतः एका पानावर बारा चित्रे असतील तर एका वाचकाने एकदा पान उघडताच तेरा नोंदी होत, कारण पान आणि प्रत्येक चित्र यांची मागणी वेगवेगळी जाते. चित्रे वाढवा, हिट वाढतील! वाचक मात्र तेवढाच.

पुढे दुसरी रीत आली. पानातच एक छोटी आज्ञावली घालून ठेवावयाची. वाचकाच्या ब्राउझरमध्ये पान उघडले की ती मोजणाऱ्या संगणकाला परस्पर वर्दी देते, आणि ब्राउझरमध्ये 'कुकी' नावाची एक चिठ्ठी ठेवते, जेणेकरून तोच ब्राउझर पुन्हा आला तर ओळखता यावा. सॅन डिएगो येथील 'अर्चिन' या कंपनीचे या क्षेत्रात नाव होते. २००५ साली गूगलने ती विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, तोवर पैसे मोजून मिळणारे हे साधन 'गूगल अ‍ॅनालिटिक्स' या नावाने सर्वांना फुकट खुले केले. दुव्यांच्या शेपटीला आजही 'यूटीएम' ही जी अक्षरे दिसतात, त्यांतले पहिले अक्षर या अर्चिनचेच.

फुकटच्या या पंगतीला एवढी झुंबड उडाली की थोड्याच दिवसांत नवी नोंदणी थांबवावी लागली. त्यानंतर नावे प्रतीक्षायादीत घालून, निमंत्रणाचे क्रमांक पाठवून एकेकाला आत घेतले गेले. दार पुन्हा सताड उघडले ते ऑगस्ट २००६ मध्ये. स्वयंपाक किती जणांचा करावयाचा याचा अंदाज मोजदादीचे साधन करणाऱ्यांनाच यावयाचा होता, ही त्यातली गंमत.

रूपबदलाची पहिली मोठी वेळ मे २००७ मध्ये आली. त्याआधी, फेब्रुवारी २००६ मध्ये, गूगलने 'मेझर मॅप' हे एक छोटे साधन विकत घेतले होते. ते सॅन फ्रान्सिस्को येथील 'अ‍ॅडॅप्टिव्ह पाथ' या संस्थेत तयार झाले होते, आणि त्यामागचे जेफ्री व्हीन हेच पुढे अ‍ॅनालिटिक्सच्या नव्या रूपाचे सूत्रधार झाले. जुन्या रूपात अहवालांची विभागणी माणसाच्या हुद्द्यावरून केलेली असे : अधिकाऱ्यासाठी हे, विक्रीविभागासाठी हे, तंत्रज्ञासाठी ते. आत शिरल्यावर आधी 'मी कोण?' हे ठरवा आणि मग आकडे पाहा, असा तो अध्यात्मिक मामला होता. नव्या रूपात ही वर्णव्यवस्था गेली. समोर एकच फलक आला, तो ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे लावावा. अहवालाच्या माथ्यावर दिवसांचा आलेख. आणि हवा तो अहवाल ठरल्या दिवशी ईमेलने घरपोच.

तथापि माझ्या मते या बदलाचे खरे यश देखणेपणात नव्हते. पानांत घातलेल्या आज्ञावलीला हात लावावा लागला नाही. पूर्वीचे आकडे जागच्या जागी राहिले. आणि जुने रूप काही आठवडे नव्याच्या जोडीने उघडे ठेवले गेले. दिवाणखान्यातील खुर्च्या हलल्या, घर तेच राहिले. ज्याला खुर्ची सापडली नाही त्याला जुन्या खोलीत जाऊन बसण्याची सोय होती. २०११ मधला रूपबदलही ढोबळमानाने याच जातीचा. त्याच वर्षी 'या क्षणी किती जण आहेत' हे दाखवण्याची सोयही आली, जिच्याकडे टक लावून बसण्यात अनेकांचा पुष्कळ वेळ जातो.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या 'गूगल अ‍ॅनालिटिक्स ४' ची गोष्ट मात्र मुळातच वेगळी. येथे खुर्च्या हलल्या नाहीत, फूटपट्टी बदलली. जुन्या साधनाचा हिशेब 'भेट' या कल्पनेभोवती रचलेला होता. नव्याने 'घटना' हे एकक धरले. पान उघडणे ही घटना, पान खाली सरकवणे ही घटना, चित्रफीत चालवणे हीही घटना. असे करण्यास सबळ कारणे होती, हे न सांगणे अन्यायाचे होईल. लोक आता केवळ संकेतस्थळे पाहत नाहीत, फोनवरील अ‍ॅपही वापरतात, आणि दोहोंचा हिशेब एकत्र हवा होता. शिवाय खाजगीपणाचा प्रश्न ऐरणीवर आला होता. २०२२ च्या जानेवारीत ऑस्ट्रियाच्या आणि फेब्रुवारीत फ्रान्सच्या माहितीसंरक्षण अधिकाऱ्यांनी, या साधनाद्वारे वाचकांची माहिती अमेरिकेत जाणे युरोपीय कायद्यात बसत नाही, असे निर्णय दिले. नव्या साधनात वाचकाच्या संगणकाचा आयपी पत्ता साठवला जात नाही.

मार्च २०२२ मध्ये जाहीर झाले की जुने साधन १ जुलै २०२३ पासून नव्या नोंदी घेणे थांबवील. तसे ते थांबले, आणि १ जुलै २०२४ पासून जुने अहवाल पाहणेही बंद झाले. जुने आकडे नव्या साधनात आणले गेले नाहीत. ज्याने ते वेळीच उतरवून घेतले त्याचे ते राहिले. नव्या साधनाचा इतिहास ज्या दिवशी ते बसवले त्या दिवसापासून सुरू होतो. त्याआधी जणू कोणी वाचक नव्हताच.

आता एककांतील फरक पाहू, कारण गोम तेथे आहे. समजा, एक वाचक रात्री अकरा पन्नासला आला आणि बारा वीसपर्यंत वाचत राहिला. जुन्या साधनात मध्यरात्र झाली की भेट संपे आणि दुसरी सुरू होई; म्हणून या दोन भेटी. नव्यात ती एकच. म्हणजे रात्री जागणारे वाचक ज्या स्थळाला अधिक, त्याच्या भेटी नव्या मापाने उगीचच कमी दिसणार.

याहून नाजूक प्रकरण 'बाउन्स रेट'चे, म्हणजे उलटपावली परतणाऱ्यांच्या प्रमाणाचे. येथे आमच्या विभागाचे उदाहरण देतो. आमच्या संकेतस्थळावर तालुक्यातील गावांतून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांचे एक दालन आहे. एका पानावर एका बाईंच्या ओव्या, खाली त्यांच्याच आवाजातील ध्वनिमुद्रण. ऐकणारा पान उघडतो, सात-आठ मिनिटे ऐकतो आणि निघून जातो. जुन्या साधनाच्या लेखी हा वाचक उलटपावली परतलेला! कारण त्याने दुसरे पान उघडले नाही, आणि पुढची नोंदच नसल्यामुळे त्याच्या थांबण्याचा वेळ शून्य धरला जाई. (ध्वनिमुद्रण चालवल्याची वेगळी नोंद घेता येत होती, पण ती व्यवस्था आपणच करावी लागे आणि आम्ही ती केलेली नव्हती.) परिणामी वर्षानुवर्षे अहवालात एकच वाक्य येत असे, की ओव्यांच्या दालनात येणारे बहुतेक वाचक लगेच परत जातात. त्या वाक्याच्या आधारे ते दालन पुढे वाढवू नये, असा विचार विभागात गंभीरपणे चालला होता. गावोगाव फिरणे, म्हाताऱ्या बायांना बोलते करणे, मुद्रण करणे, उतरवून घेणे हे कष्टाचे काम, आणि ऐकणारे तर नाहीत.

नव्या साधनात दहा सेकंदांहून अधिक थांबलेला, किंवा दोन पाने पाहिलेला, किंवा आपण महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती केलेला वाचक 'रमलेला' समजला जातो. प्रथम त्यात बाउन्स रेट हे प्रमाण नव्हतेच. उपयोग करणाऱ्यांना त्याची सवय, म्हणून जुलै २०२२ मध्ये ते परत आणले गेले; परंतु आता त्याचा अर्थ 'न रमलेल्यांचे प्रमाण' असा झाला. नाव जुने, अर्थ नवा. साहजिकच ओव्यांच्या दालनाचा बाउन्स रेट धाडकन खाली आला, आणि बैठकीत कोणीतरी म्हणाले, 'वा, यंदा लोकांना ओव्या आवडू लागल्या!' वाचक तेच होते, ओव्या त्याच होत्या. मागल्या वर्षीची निराशा आणि यंदाचा आनंद, दोन्ही मोजपट्टीचे.

शब्द अजिबात नवा असेल तर माणूस बिचकतो, विचारतो, शिकतो. जुन्याच शब्दात नवा अर्थ भरला, की तो न विचारता चुकतो. नव्या साधनाचा प्रारंभ करणाऱ्याने सर्वांत मोठ्या अक्षरात काही सांगावयाचे असेल तर ते हे, की कोणत्या शब्दाचा अर्थ आता पूर्वीचा राहिलेला नाही. नव्या फलकाचे रंग लोक चार दिवसांत आपसूक शिकतात.

आपल्या देशाने अशी एक मोठी मापबदल पाहिलेली आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे नेमके सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैशाचे नाणे कोठून आणावयाचे? म्हणून तक्ते निघाले : एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. हिशेबात घोळ झालेच. पण त्या नाण्यावरच 'रुपये का सौवां भाग' असे कोरलेले होते, आणि जुन्या पैशाशी गल्लत होऊ नये म्हणून नावातच 'नया' हा शब्द ठेवला होता. तो १९६४ मध्ये, गरज सरल्यावर, काढून टाकला. जुनी नाणीही काही काळ नव्यांच्या जोडीने चालू होती. म्हणजे माप बदलताना जुन्याशी असलेले नाते मापावरच लिहिलेले होते. त्यासाठी कोणा शेतकऱ्याला माहितीपत्रक शोधावे लागले नाही. बाउन्स रेटच्या नावामागे असा एखादा 'नया' लावला असता तर आमच्या बैठकीतला तो आनंद टळला असता.

जुने-नवे जोडीने चालवण्याची मुभा येथेही होती, आणि चांगली अडीच वर्षांहून अधिक होती, हे नमूद केले पाहिजे. पण मुभा असणे आणि ती कळणे यांत अंतर आहे. मोठ्या संस्थांत हे काम पाहणारा पगारी माणूस असतो. आमच्यासारख्यांच्या स्थळाचे खाते तीन वर्षांपूर्वी पदवी घेऊन गेलेल्या एखाद्या विद्यार्थिनीच्या ईमेलवर उघडलेले असते, आणि सूचना तिला जात राहतात. आमच्या बाबतीत तसेच होते. सुदैवाने त्या ताईंनी सूचना वाचली आणि विभागात दूरध्वनी केला. त्यानंतर माझ्या आधीच्या दोघीजणींनी जुलै २०२२ ते जून २०२३ असे बारा महिने दोन्ही साधने जोडीने चालवली आणि दर सोमवारी एका दोनशेपानी वहीत दोन रकाने भरले : डावीकडे जुन्या मापाचा आकडा, उजवीकडे नव्याचा. आरंभी हा उद्योग पाहून हसणारे पुष्कळ होते, असे त्या सांगतात.

आज जुने अहवाल उघडत नाहीत. वही कपाटात आहे. तिच्यावरून ओव्यांच्या पानासाठी जुन्या-नव्या मापांचे ढोबळ गुणोत्तर काढता येते. ते इतर पानांना लागू पडत नाही, कारण कवितेचे पान, परीक्षेच्या सूचनेचे पान आणि ध्वनिमुद्रणाचे पान यांच्यावर लोक निरनिराळ्या रीतीने थांबतात. प्रत्येकाचे वेगळे काढावे लागते, आणि ते काम मी निम्म्यावर आणले आहे. यंदाच्या विभागीय अहवालात दोन्ही काळांचे आकडे छापले असून प्रत्येक तक्त्याखाली ते कोणत्या मापाचे, हे एका ओळीत लिहिले आहे. ओव्यांचे दालन चालू राहिले. दिवाळीच्या सुटीत आणखी दोन गावांना जावयाचे ठरले आहे.