आधी चल्लस आठ, मग पाढे

अगं, लेक चार वर्षांची झाली म्हणून लगेच पाटी पुढ्यात ठेवायची घाई करू नकोस. शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणते, चांगलं आहे, पण ते पाठांतर झालं. तिला सात चिंचोके मोजायला दे आणि मोजून झाले की विचार, "मग किती आहेत गं?" ती पुन्हा एकपासून सुरू झाली, तर शेवटचा आकडा म्हणजे सगळे मिळून तेवढे, हे अजून तिच्या ध्यानात आलेलं नाही. रागावू नकोस. रोज जेवायच्या आधी ताटं-वाट्या तिलाच मांडू दे, माणशी एक.

ते जमलं की चल्लस आठ मांड. फरशीवर खडूने पाच ओळींत पंचवीस घरं आखायची. चारही कडांच्या मधल्या घरांत आणि अगदी मधोमध फुली. कवड्या चार. नसल्या तर दोन चिंचोके फोड, चार फाका होतात, एक बाजू काळी नि एक पांढरी. जितक्या उताण्या तितकं दान, सगळ्या पालथ्या पडल्या तर आठ. चार किंवा आठ पडले की आणखी एक दान.

सुरुवातीला सोंगट्या काढूच नकोस, नुसत्या कवड्या टाकू दे. किती उताण्या, किती पालथ्या? तीन नि एक, दोन नि दोन. काही दिवसांनी तीन उताण्या दिसल्या की पालथीकडे न बघताच ती "एक" म्हणेल. बेरीज-वजाबाकी शिकून झाली, पण ते नाव तू काढू नकोस. नाव काढलंस की परीक्षा सुरू झाली, आणि पोर उठून जाते.

सोंगटी चालवताना सगळी मुलं एकच चूक करतात. उभ्या असलेल्या घरालाच "एक" म्हणतात. सांगून उपयोग नाही. तिचं बोट धर, सोंगटी उचलून पुढच्या घरात टेकली की मगच "एक" म्हणा. पुढे शाळेत पट्टीवर बेरीज करताना मुलं इथेच अडखळतात. आणि बोटांवर मोजते म्हणून टोकू नकोस, बोटं आपोआप सुटतात.

तुझी सोंगटी तिच्यापुढे तीन घरं असली की ती "तीन पड, तीन पड" म्हणत कवड्या घोळवेल. तेव्हा तू गप्प बस. मारू दे तुझी सोंगटी. मुद्दाम हरू मात्र नकोस, या खेळात लहानथोर सगळ्यांना सारखंच दान पडतं.

पुढे पंचवीस लिहायला सांगितलंस तर 52 लिहील, कारण आपण पाच आधी म्हणतो. खराट्याच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांध. दोन जुड्या, पाच सुट्या, "वीस पाच". 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात असं वाचायला दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला ते पटलं होतं. पंचवीस म्हणायचं सोडायचं नाही, दोन्ही म्हणायचं.

खेळ संपला की कवड्या तिलाच मोजून डब्यात ठेवायला सांग. धाकटा रांगतोय, खाली एकही राहता कामा नये. लगेच तोंडात घालेल.