माळावरचा डोंबारी

१. बार्शीहून वैरागमार्गे सोलापूरला जाताना नान्नजला लोक माळढोकासाठी थांबतात. माळढोक आता दिसणं कठीण. त्याच माळावर डोंबारी चंडोल मात्र बागडत असतो, चिमणीहूनही लहान. त्याच्यासाठी कुणी गाडीची काच खाली करत नाही.

२. आधी पोट बघावं. बहुतेक पक्षी वरून गडद आणि खालून फिके असतात. या नराचं उलटं. पाठ राखी, पोट काळंभोर, गाल पांढरे. मादी मातकट, थेट चिमणीच्या मादीसारखी. अशा वेळी पाय बघावेत. चिमणी जमिनीवर टुणटुण उड्या मारते, ही तुरुतुरु धावते आणि चाहूल लागली की ढेकळाशेजारी दबून बसते. मग नजर हलली की संपलं, पुन्हा सापडत नाही.

३. खरी ओळख हवेत पटते. नर पंख फडफडवत तीसेक मीटर वर चढतो, पंख मिटतो आणि लांब शीळ घालत दगडासारखा खाली येतो. मध्येच त्याच वेगावर पुन्हा वर उसळतो. परत सूर, परत उसळी. शेवटी जमिनीला टेकतोय असं वाटेपर्यंत खाली येऊन अलगद एखाद्या ढेकळावर बसतो. हे बघायला दुर्बीण लागत नाही, सकाळी लवकर उठावं लागतं.

४. घरटं शोधायला जाऊ नये. गवताच्या ठोंबाशी किंवा ढेकळाच्या आडोशाला जराशी खळगी, कडेला बारीक खडे आणि आत दोन-तीन अंडी. पायाखाली आल्यावरच कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

५. डोक्यावर तुरा दिसला, तर तो हा नव्हे. बहुधा सायक्सचा चंडोल. कर्नल सायक्सने दख्खनच्या पक्ष्यांबरोबर १८३२ मध्ये त्याचं वर्णन केलं. शेपटी तांबूस असेल, तर तो आणखी तिसरा.

६. मुरमाड माळ दिसला, की आपल्याकडे लोकांचे हात झाडांसाठी खड्डे खणायला शिवशिवतात. हेतू चांगला असतो, पण डोंबारी चंडोलाला सावली नको असते. त्याला हवी उघडी जमीन, विरळ कुसळी गवत, त्यातलं बी आणि किडे. ज्वारीचं रान नांगरलं तरी तो तिथेच ढेकळांत चरतो. त्याच माळावर ग्लिरिसिडियाची दाट झाडी वाढली, की मात्र त्याची तिथली वस्ती उठते.