सेवा हीही एक विद्याच



दहावी-बारावीची परीक्षा उत्तीर्ण झालेली आपल्या हिमायतनगरची मुले दरवर्षी मुदखेडकडील गाडीत बसून नांदेडास जातात. काही थोडी त्याहून पुढे मुंबई-पुण्याची वाट धरतात. महाविद्यालयात पाऊल ठेवताच त्यांस एक नवल दिसते. तेथील अध्यापक त्यांस ग्रंथालयाची वाट दाखवून थांबत नाहीत. ते त्यांस वस्तीची, इस्पितळाची, खेड्याची वाटही दाखवितात, आणि हाही तुमच्या शिक्षणाचाच भाग आहे असे सांगतात. हे ऐकून पुष्कळ पालक विचारात पडतात. 'आम्ही मुलास शिकावयास पाठविले की वेठीस?' असे ते विचारतात. हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधणे हाच आजचा आपला पाठ होय.

प्रथम ही रीत आली कोठून ते पाहू. आपल्या देशात राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी झाला. त्या वेळी 37 विद्यापीठांतील सुमारे 40,000 विद्यार्थी तिच्यात सामील झाले. दोन वर्षांत 240 तास सेवा व एखाद्या खेड्यात सात दिवसांचे शिबिर, अशी तिची सर्वसाधारण आखणी आहे. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 रोजी स्थापन झाले. त्याच्या महाविद्यालयांतील मुले ह्या शिबिरांसाठी आपल्या भागातील गावांत येतात, हे तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिले असेल. पुढे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही समाजसेवेस उच्च शिक्षणाच्या अभ्यासक्रमात जागा असावी असे म्हटले.

कॅथोलिक विद्यापीठांत व महाविद्यालयांत ह्या विचारास एक निराळा इतिहास आहे. जेझुइट संघाचे एकेकाळचे प्रमुख फादर पेद्रो अरुपे हे स्पेन देशाचे. 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा ते त्याच शहराच्या सीमेवरील संघाच्या मठात होते. तरुणपणी त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला होता. त्यांनी मठाचेच इस्पितळ केले व दीडशेच्या सुमारास जखमींची शुश्रूषा केली. पुढे 1973 साली स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे जेझुइट शाळांचे माजी विद्यार्थी जमले असता ते बोलावयास उभे राहिले. आमच्या शाळांनी तुम्हांस न्यायाने वागण्यासाठी घडविले काय, असा प्रश्न त्यांनी काढला, आणि प्रांजळपणे उत्तर दिले की, नाही. शिक्षणातून इतरांसाठी जगणारी माणसे निघाली पाहिजेत, हा त्यांच्या भाषणाचा आशय होता. श्रोत्यांपैकी अनेकांस तो मुळीच रुचला नाही. परंतु एवढ्या मोठ्या संघाच्या प्रमुखाने आपल्याच शाळांची चूक चारचौघांत कबूल करावी, ही गोष्ट मला शिक्षक ह्या नात्याने फार मोलाची वाटते.

मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय हे जेझुइट धर्मगुरूंनी 1869 साली स्थापन केलेले. तेथे सामाजिक सहभागाचा एक उपक्रम चालविण्यात आला व पदवीच्या विद्यार्थ्यांनी 60 तास समाजकार्यास द्यावे असा नियमच घालण्यात आला. 2003 साली तेथे दृष्टिहीनांसाठी एक साधनकेंद्रही उभे राहिले. अंध विद्यार्थ्यास धडा वाचून दाखवावयाचा, परीक्षेत त्याचा लेखनिक व्हावयाचे, ही कामे दिसावयास लहान असतात. परंतु ज्याने एकदा दुसऱ्याचे उत्तर, एक शब्द अधिक-उणा न करता, लिहून दिले आहे, त्यास दुसऱ्याचे म्हणणे नीट ऐकणे म्हणजे काय ते कळते.

येथे एक भेद ध्यानात धरावा. तहानेल्यास तांब्याभर पाणी देणे हे दान होय. ज्या वस्तीत पाणी नाही तेथे दररोज घागर पोहोचविणे ही सेवा होय. आणि पाणी का नाही, ते कोणास आधी मिळते, कोणास मागून मिळते, घागर नेहमी मुलीच्याच डोक्यावर का असते, हे वस्तीतल्या लोकांकडून समजून घेत घेत त्यांच्याबरोबर हात चालविणे, हे सेवेतून शिक्षण होय. दान हलके आहे असे नाही. तहान लागली असता प्रश्न विचारीत बसणे हा अधर्मच. परंतु विद्यापीठ मुलास वस्तीत धाडते ते ह्या तिसऱ्या गोष्टीसाठी.

न विचारता केलेली मदत कोठे कमी पडते ह्याचे उदाहरण दूर शोधावयास नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती व वरची जड माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. त्या वेळी देशभरातून माणसे धावून आली, आणि ती मदत अमोल होती. तथापि पुढे नवी गावे वसविताना त्यांतील पुष्कळ गावे शहरातील वसाहतीसारखी आखली गेली. सरळ रुंद रस्ते आणि एकसारख्या घरांच्या ओळी. गुरे कोठे बांधावी, कडबा कोठे रचावा, भाऊबंदांनी एकमेकांजवळ कसे राहावे, ह्या शेतकऱ्याच्या गरजांस त्या नकाशांत पुरती जागा नव्हती. घर बांधणाऱ्याचा हेतू शुद्ध होता; परंतु त्या घरात राहणाऱ्यास आधी पुरते विचारले गेले नव्हते.

दुसऱ्यांचे दोष सांगितले. आता माझा सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी नववीच्या मुलांस घेऊन गावाबाहेरच्या एका वस्तीत स्वच्छतेसाठी गेलो. झाडू, टोपल्या, खराटे नेले. घरांची नोंद करण्यासाठी वहीही नेली. कोणी काय करावयाचे ते मी मुलांवरच सोपविले. दोन तासांत रस्ता लख्ख झाला, आणि मी समाधानाने घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मुलाचे वडील शाळेच्या दारात उभे होते. आत या म्हटले तरी आले नाहीत. ते म्हणाले, "सर, माझ्या बापाचा जन्म गाव झाडण्यात गेला. पोराच्या हातातला झाडू सुटावा म्हणून त्याला तुमच्याकडं घातलं. तुम्हीच त्याच्या हातात पुन्हा झाडू दिला?"

मी म्हणालो, "भाऊ, सगळ्यांनीच काम केले. तुमच्या एकट्या मुलानेच नव्हे."

ते म्हणाले, "वही कोणाच्या हातात होती, तेवढं विचारा."

मी वर्गात जाऊन विचारले. वही व लेखणी ज्यांच्या घरी शेतीवाडी आहे अशा तिघांनी घेतली होती. झाडू ज्यांच्या हाती आला त्यांचे आजे-पणजे तेच काम करीत आलेले. कोणी कोणास हुकूम केला नव्हता; भांडणही झाले नव्हते. प्रत्येकाने आपापल्या हातास सवयीचे वाटले ते उचलले, आणि मी, त्यांचा शिक्षक, जवळ उभा असून ते पाहिले नाही. गावाची जुनी उतरंड आम्ही सेवेच्या नावाने त्या दोन तासांत पुन्हा रचून दिली होती. त्या गृहस्थांची मी क्षमा मागितली. ते काही न बोलता गेले. पण मुलास त्यांनी शाळेतून काढले नाही, हे त्यांचे माझ्यावर उपकार.

त्यानंतर मी संत गाडगेबाबांच्या चरित्राकडे पुन्हा वळलो. बाबा (1876-1956) हाती झाडू घेऊन गावोगाव जात. तो झाडू त्यांच्या हाती कोणी दिला नव्हता; त्यांनी तो स्वतः उचलला होता. दिवसा रस्ता झाडून ते निघूनही जात नसत. रात्री कीर्तनास उभे राहत आणि लोकांस प्रश्नामागून प्रश्न विचारीत. दिवसा काम व रात्री त्याच कामाचा विचार, असे हे महाविद्यालय होते. आमच्या प्रभू येशूनेही शिष्यांचे पाय धुतले ते गुरू असताना, आणि स्वतःच्या हातांनी. ह्या दोन्ही उदाहरणांत एक खूण सारखी आहे: ज्याने वरचे आसन घ्यावयाचे त्याने आधी खालचे काम घेतले.

आता आमची रीत बदलली आहे. पहिल्या भेटीस काहीच न्यावयाचे नाही. केवळ बसावयाचे व ऐकावयाचे. कामाची वाटणी चिठ्ठ्या टाकून करावयाची, आणि त्या डब्यात शिक्षकाचीही चिठ्ठी असावयाची. त्या वस्तीत आम्ही पुन्हा गेलो तेव्हा बायकांनी कचऱ्याचा शब्दही काढला नाही. त्या नादुरुस्त हापशाविषयी बोलल्या. मुलांनी तीन दिवस सकाळी तेथे बसून घागरी मोजल्या, किती वेळ थांबावे लागते ते लिहिले, गणिताच्या तासास त्याची सरासरी काढली व मराठीच्या तासास अर्जाचा मसुदा केला. अर्जावर सह्या मात्र वस्तीतील लोकांच्याच. हापसा दुरुस्त झाला. पुढे उन्हाळ्यात पाणी खोल गेले आणि तो पुन्हा कोरडा पडला. तेव्हा भूजल म्हणजे काय, हे शिकणे मुलांस भाग पडले. तो अभ्यास अद्याप चालू आहे.

पालकहो, आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. ह्या कामामुळे मुलाचा अभ्यास बुडतो काय? केवळ तास भरण्यासाठी व प्रमाणपत्रासाठी ते गेले तर अवश्य बुडतो. तशी सेवा न केलेली बरी. परंतु घागरींची सरासरी काढताना ज्याचे गणित चुकले त्यास ते कोणी तरी वाट पाहत असताना चुकले, आणि असे गणित मूल सहसा विसरत नाही. ही वेठ आहे काय? ज्या दिवशी मुलाच्या हाती त्याच्या जातीमुळे वा गरिबीमुळे काम येईल, त्या दिवशी ती वेठच. तसे कोठे दिसले तर त्या गृहस्थांप्रमाणे शाळेच्या दारात येऊन सांगा. शिक्षकासही शिकवावे लागते.

विद्यार्थ्यांनो, पाठाच्या शेवटी अभ्यास असतोच. पुढील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा.

1. तुमच्या घरी सकाळपासून रात्रीपर्यंत कोणते काम कोण करते? ते त्याच्याकडे कसे आले, हे त्यालाच विचारा.

2. तुमच्या आळीतील एका वृद्ध व्यक्तीजवळ अर्धा तास बसा. मध्ये न बोलता ऐका. तुम्हांस ठाऊक नसलेली कोणती गोष्ट तिने सांगितली?

3. मागील वर्षी तुम्ही कोणास काही मदत केली असल्यास, ती त्यास हवी होती काय? नक्की कसे कळले?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मीही लिहिणार आहे. शाळा उघडल्यावर आपण वह्या बदलून वाचू.