मधली रिकामी जागा

मी कला शाखेच्या द्वितीय वर्षाचा विद्यार्थी. विज्ञानाचे पुस्तक दहावीनंतर सुटले. तरीही हा लेख विज्ञानावर लिहीत आहे, कारण त्याचे मूळ शेतात आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. पण ज्या गोष्टीपासून हा विषय सुरू होतो ती घरातल्या सर्वांना माझ्याआधीच ठाऊक होती. तिला बेवड म्हणतात. हरभरा, तूर किंवा भुईमूग काढलेल्या रानात पुढचे पीक जोमाने येते, हा शेतकऱ्याचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव. तो अनुभव खरा का ठरतो, हे शोधत गेलो तेव्हा एक विलक्षण हकीकत वाचनात आली. ती वाचकांपुढे ठेवतो.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे. पिकाला नत्र हवा असतो, पण हवेतला नत्र त्याला घेता येत नाही. नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून असतात. हा बंध तोडून अमोनिया बनवण्याची रीत जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली दाखवली आणि कार्ल बॉश यांच्या प्रयत्नाने १९१३ साली ओपाऊ येथे कारखाना उभा राहिला. त्यासाठी ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या दाबाच्या दीड-दोनशे पट दाब लागतो. युरियाच्या गोणीतला नत्र अशाच भट्टीतून आलेला असतो.

हेच काम मातीतले काही जिवाणू भट्टीशिवाय, मातीच्या साध्या उबेत करतात. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींचा नत्राशी संबंध आहे, हे जर्मनीतील हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८६ ते १८८८ या काळात सिद्ध केले. त्या गाठींत रायझोबियम जातीचे जिवाणू राहतात. ॲझोटोबॅक्टर नावाचे जिवाणू गाठीविना, मातीत मोकळेच राहून नत्र बांधतात. दोघांचेही हत्यार एकच: नायट्रोजिनेज नावाचे विकर. विकर म्हणजे सजीवांच्या शरीरात रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. हे काम फुकट होत नाही. नत्राचा एक रेणू फोडताना एटीपी या ऊर्जावाहक द्रव्याचे निदान १६ रेणू खर्ची पडतात. शिवाय प्राणवायू लागला की हे विकर निकामी होते. भुईमुगाच्या मुळावरची ताजी गाठ फोडली तर आत गुलाबी रंग दिसतो. तो मोकळा प्राणवायू विकरापासून दूर ठेवणाऱ्या द्रव्याचा रंग आहे.

आता प्रश्न असा, की हे विकर आतून असते कसे? इतकी बारीक वस्तू सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. त्यासाठी प्रथिन शुद्ध करून त्याचे स्फटिक बनवतात. खडीसाखरेच्या खड्यात जसे साखरेचे रेणू ओळीने रचलेले असतात, तसे स्फटिकात प्रथिनाचे रेणू रचले जातात. त्यावर क्ष-किरण सोडले की ते ठरावीक दिशांना विखुरतात आणि ठिपक्यांची नक्षी मिळते. त्या ठिपक्यांवरून गणिताने अणूंचा नकाशा काढतात. नकाशा किती बारीक, हे अँगस्ट्रॉममध्ये सांगतात. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. आकडा जितका लहान, तितका नकाशा स्पष्ट.

१९९२ साली अमेरिकेत जोंगसुन किम आणि डग्लस रीस यांनी ‘ॲझोटोबॅक्टर व्हिनलँडी’ या जिवाणूच्या विकराचा असा नकाशा प्रसिद्ध केला. तो २.७ अँगस्ट्रॉमचा होता. प्रथिनाच्या पोटात धातूंचा एक लहानसा पुंजका दिसला: लोहाचे सात अणू, एका टोकाला मोलिब्डेनमचा एक, आणि त्यांना जोडणारे गंधकाचे अणू. मोठ्या प्रथिनाने हा पुंजका केवळ दोन ठिकाणी धरून ठेवलेला आहे. पण मधल्या सहा लोहअणूंच्या वेढ्यात काहीच दिसेना. जागा रिकामी! रसायनशास्त्रज्ञांना हे खटकले, कारण लोहाच्या अणूंना इतके थोडे शेजारी असणे त्यांना चमत्कारिक वाटत होते. हवेतला नत्र त्या पोकळीतच येऊन बसत असेल काय, असाही तर्क झाला.

दहा वर्षांनी, २००२ साली, ओलिव्हर आइन्सले, रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १.१६ अँगस्ट्रॉमचा नकाशा काढला. त्यात बरोबर मध्यभागी एक हलका अणू दिसला. मग आधी तो का दिसला नाही? नकाशा अनेक लहानमोठ्या लहरींची बेरीज करून काढतात. बारीक लहरी हाती आल्या नाहीत, तर प्रत्येक अणूच्या चित्राभोवती खोट्या लहरी उमटतात. सहाही लोहअणू केंद्रापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर; त्यामुळे त्यांच्या खोट्या लहरींचे खळगे नेमके मध्यावर एकत्र येत. हलक्या अणूचा छोटा उंचवटा त्या खळग्यात भरून जाई आणि जमीन सपाट दिसे. अणू होताच, भोवतालच्या बड्या अणूंच्या गलबल्यात तो पुसला जात होता.

तो अणू कोणाचा, हे ठरायला आणखी नऊ वर्षे गेली. नत्र, प्राणवायू की कार्बन, असा वाद होता. २०११ साली दोन गटांनी वेगवेगळ्या मार्गांनी तपास करून तो कार्बन असल्याचे दाखवले. त्यांतल्या एका गटात आइन्सले आणि रीस होतेच. ज्याने पहिला नकाशा काढला, त्यानेच तो दोनदा सुधारण्यास हात लावला, याचे मला फार मोल वाटते.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. गहू-ज्वारीसारख्या पिकांनाही नत्र बांधण्याची विद्या देता येईल काय, याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. ते साधले तर खताचा मोठा खर्च वाचेल. पण ज्या यंत्राची नक्कल करायची, त्याच्या मध्यावर काय आहे हेच माहीत नसेल, तर नक्कल कसली करणार? त्या कार्बनचे नेमके काम कोणते, याचा अभ्यास अजून चालू आहे.

आम्ही कला शाखेचे विद्यार्थी बखरी आणि जुने दस्तऐवज वाचतो. त्यांतही राजे, सरदार, लढाया ठळक दिसतात आणि मधली जागा पुष्कळदा रिकामी वाटते. ती खरोखर रिकामी आहे, की ठळक नावांच्या गलबल्यात कोणी पुसले गेले आहे, हा प्रश्न आपणही विचारावयास हवा. उत्तर मात्र अंदाजाने भरून चालणार नाही. रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर्कावर विसंबून अणू बसवला नाही. अधिक चांगला स्फटिक मिळवला आणि पुन्हा पाहिले.