सोरा संपला नाही, गाव संपले

अंगणात मूठभर मीठ ठेवून पाहा. पावसाची एक जोरदार सर आली की ते विरघळून नाहीसे होईल. चिली सोरा, म्हणजे सोडियम नायट्रेट, हे लवणही पाण्यात असेच विरघळते. मग चिली देशातील आटाकामाच्या वाळवंटात त्याचे थर टिकले कसे? तेथे पाऊस जवळजवळ पडतच नाही, म्हणून!

या सोऱ्यासाठी वाळवंटात गावे वसली. हंबरस्टोन त्यांपैकीच एक. ‘कालिचे’ नावाचा क्षारयुक्त दगड खणून, फोडून, गरम पाण्यात घालीत. द्रावण थंड झाले की सोऱ्याचे स्फटिक मिळत. शेतीला खत आणि स्फोटकांना कच्चा माल, दोन्ही त्यातूनच. मजुरी मात्र बराच काळ बिल्ल्यांच्या रूपात मिळे, आणि ते बिल्ले चालत कंपनीच्याच दुकानात!

१९०९ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनवून दाखविला. १९१३ मध्ये त्याचा कारखानाही सुरू झाला. अमोनियापासून नायट्रेट करता येते. मग एवढ्या दूरचा दगड कोण खणणार? १९६० मध्ये हंबरस्टोन बंद पडले. माणसे निघून गेली.

नाट्यगृह, घरे, लोखंडी पत्र्यांचा पोहण्याचा तलाव मात्र राहिले. लाकूड कुजण्यास ओल लागते, तीच येथे नाही. ज्या कोरडेपणाने सोरा राखला, त्यानेच गावही राखले. तरी खाऱ्या हवेने पत्रे गंजतात. २००५ मध्ये युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारसा ठरविले आणि त्याच वर्षी धोक्यातील वारशाच्या यादीतही घातले. डागडुजीनंतर, २०१९ मध्ये, त्या यादीतून त्याचे नाव निघाले.