खाणी बंद झाल्या, मग पंप कशाला?

प्रश्न : जर्मनीतल्या रुर भागातल्या कोळसा खाणी बंद झाल्या, पण तिथले पंप कायम चालू ठेवावे लागणार आहेत, असं ऐकलं. हे खरं का? आणि खाणकामगारांचं पुढे काय झालं?
– एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : खरं आहे. दीडशेहून अधिक वर्षं पोखरलेली तिथली जमीन खचली आहे, काही ठिकाणी तर 20 मीटरहूनही खोल. अशा खोलगट भागातलं पाणी आपसूक वाहून जात नाही. पंप थांबले तर भरवस्तीत तळी होतील. शिवाय जुन्या खाणींत साचणारं खारट पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळू नये, म्हणून तेही उपसावं लागतं. या कामाला शेवट नाही.

त्याच्या खर्चाची तजवीज मात्र आधीच झाली. अनुदानावर चालणाऱ्या खाणी 2018 अखेर बंद करायचं 2007 मध्ये ठरलं आणि त्याच वर्षी एक प्रतिष्ठान स्थापन झालं. खाण कंपनीचा रसायन उद्योग त्याच्या हाती आला. 2019 पासून पंपांचा खर्च हे प्रतिष्ठान उचलतं.

कामगारांच्या बाबतीतही घाई केली नाही. स्वस्त तेल आणि आयात कोळशापुढे रुरचा कोळसा 1958 च्या सुमारासच मागे पडू लागला होता. शेवटची खाण, बोट्रोपची प्रोस्पर-हानिएल, बंद झाली ती 21 डिसेंबर 2018 रोजी. मधल्या साठ वर्षांत एक खाण बंद झाली की कामगारांना दुसरीत सामावून घेत आणि वय झालेल्यांना पेन्शन सुरू होईपर्यंत भत्ता देत. दरम्यान, कोळशापलीकडचंही काही उभं राहू लागलं: 1965 मध्ये तिथल्याच बोखुम शहरात विद्यापीठ सुरू झालं. परिसरही सुधारावा लागला. तिथली एम्शर नदी तर उघडं गटारच होती, कारण खचत्या जमिनीत सांडपाण्याचे नळ टिकत नसत. खाणकाम हटल्यावर जमिनीखाली नळ घालता आले आणि 2021 अखेर नदी सांडपाण्यातून मोकळी झाली. त्या कामाला तीस वर्षं आणि पाच अब्जांहून अधिक युरो लागले.

तरीही सगळं साधलं नाही. बोखुममध्ये जुन्या खाणीच्या जागेवर 1962 मध्ये आलेला ओपेलचा मोटार कारखाना 2014 मध्ये बंद पडला. याच भागातलं गेल्सनकिर्शेन आजही जर्मनीतल्या सर्वाधिक बेरोजगारीच्या शहरांपैकी एक आहे. एका मोठ्या उद्योगाच्या जागी दुसरा मोठा उद्योग आणून बसवला की भागलं, असं होत नाही.

तुमच्या जिल्ह्यात वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) कोळसा खाणी आहेत, म्हणून हे कामाचं. आपल्याकडेही 2009 पासून प्रत्येक कोळसा खाणीला ती बंद करण्याचा आराखडा करणं आणि त्यासाठी वेगळ्या खात्यात पैसे ठेवणं बंधनकारक आहे. आपल्या गावाजवळच्या खाणीचा आराखडा मागा, ग्रामसभेत वाचून घ्या. मातीच्या ढिगाऱ्यांचं आणि खड्ड्यातल्या पाण्याचं काय करणार, हे त्यात पाहाच. पण ठेकेदाराकडचे मजूर, ट्रकचालक, खाणीच्या फाटकासमोरचे टपरीवाले यांच्या पोटापाण्याचं काय, हेही विचारा. कायम नोकरीतल्या माणसाची निदान बदली होते, यांची होत नाही. रुरला साठ वर्षं मिळाली, तरी काही शहरं मागे राहिली. आपण खाण चालू असतानाच सुरुवात केली, तरच वेळ पुरेल.